संत ट्रेबोनचा डावा हात

ओबरकेल, ३ मार्च १९५८

प्लोनी,

तू कॅनडाला गेल्यापासून तुला चौदा पत्रं घातली. नाताळची सात, तुझ्या वाढदिवसाची सात. उत्तर एकाचंही नाही. तू ती वाचतेस की तशीच चुलीत सारतेस, देव जाणे. हे मात्र उघडून वाच. यात शुभेच्छा नाहीत.

आपल्या चर्चमध्ये खणायला सुरुवात झाली आहे. वेदीकडचं छत कोसळल्यापासून तेरा वर्षं तो भाग फळ्या ठोकून बंद होता. आता तो नव्यानं बांधणार, आणि त्याआधी खाली काय आहे ते बघायला शहरातून प्रोफेसर लाउटेनश्लेगर आले आहेत. चर्चांच्या पोटात शिरून जुन्या कबरी शोधण्यात त्यांची हयात गेली. त्यांना संत ट्रेबोन हवा आहे. रोमन शिपाई होता, ख्रिस्ताला नाकारेना म्हणून मान तोडली, एवढं आपण शाळेत घोकलं होतंच. पण त्याची हाडं कुणी बघितली नव्हती. नवे पाद्री फादर हिल्गर रोज हात चोळत येतात आणि विचारतात, "काय प्रोफेसरसाहेब, आज भेटणार का आमचा म्हातारा?"

मी प्रोफेसरांच्याच कामावर आहे. चर्चची झाडलोट माझ्याकडे होतीच; आता खणणाऱ्यांचं जेवण आणि सापडेल ते धुणं, हेही आलं. खापऱ्या, खिळे, हाडं. दातांचा जुना ब्रश आणि कोमट पाणी. नाही म्हणाले असते तर इवाल्डनं विचारलं असतं, का नाही? लग्नाला अकरा वर्षं झाली, पण नवऱ्याला कारणं देणं मला अजून जमत नाही.

काल ते वेदीच्या पायरीपर्यंत पोचले.

युद्ध संपलं त्या उन्हाळ्यानंतर आपण तिघांनी ही गोष्ट एकदाही उच्चारली नाही. तू नाही, मी नाही, तेव्हाचा तुझा मॅथियास नाही. आता मी लिहूनच टाकते, म्हणजे कुणीतरी ती म्हटली असं होईल. त्या पायरीखाली दगडी पेटी आहे आणि पेटीत आपला भाऊ आहे, कुनो.

काय करू ते सांग. आई बरी आहे. रविवारी अजूनही त्याचं ताट मांडते.

टिली


२१ एप्रिल

प्लोनी,

सापडला.

मी बटाटे सोलत होते. फादर धावत आले, त्यांच्या डोळ्यांत पाणी. "टिली, सुरी टाक आणि चल! सोळाशे वर्षांनी भेटतोय तो!" मी गेले. सगळे टोप्या काढून उभे होते, म्हणून मीही हात जोडले.

तुला आठवतं ना कसं होतं? मला रोज आठवतं. मार्चची दुपार, पलीकडच्या डोंगरावरून अमेरिकनांच्या तोफा चाललेल्या आणि सगळं गाव तळघरात. कुनो महिनाभर आपल्या द्राक्षमळ्याच्या खोपीत लपलेला. पलटण सोडून चालत घरी आला होता बिचारा, पायाला नुसत्या चिंध्या. आपण तिघं भाकरी घेऊन गेलो आणि तो खोपीच्या दाराशी पालथा पडलेला, मानेत गोळी. ज्यांना आपण साखळीची कुत्री म्हणायचो, त्या लष्करी पोलिसांनी काम उरकलं होतं आणि त्याच वाटेनं पळही काढला होता. दफनभूमी उघड्या उतारावर, तिथं गोळे पडत होते. तुम्ही दोघांनी त्याला खताच्या हातगाडीत घातलं. मी पुढं दारं उघडत गेले.

बॉम्बनं चर्चची फरशी आधीच उखडली होती आणि ती दगडी पेटी उघडी पडली होती. आत कुणा जुन्या माणसाची मूठभर हाडं. ती मी हातानं पायथ्याशी सारली. तू त्याचे रक्तानं भरलेले कपडे काढलेस, बटणं आणि गळ्यातल्या बिल्ल्यासकट, आणि वेदीचं लिननचं कापड गुंडाळलंस. जखम धुवायला पाणी नव्हतं, तू थुंकीनं पुसलंस. वास सुटून कुणी येऊ नये म्हणून मॅथियासनं गवंड्यांच्या खड्ड्यातला चुना बादल्या भरभरून ओतला. मग झाकण ओढलं. दुसऱ्याच दिवशी छत त्यावर आलं आणि कुलूप लागलं.

आता प्रोफेसरसाहेब काय म्हणतात ते ऐक. चुना ओतून पुरणं ही रोमन काळातल्या बड्या ख्रिस्ती लोकांची रीत. लिनन हातमागाचं, म्हणजे मानाचा माणूस. मानेचे मणके फुटलेले, म्हणजे तलवार. आणि पायथ्याशी सारलेली हाडं? "अगदी नेहमीचं आहे हे," ते म्हणाले. "कुणी सामान्य मनुष्य आधी तिथं असणार. हुतात्म्यासाठी त्याला बाजूला सरकवला." ती हाडं सिगारच्या खोक्यात भरली आणि वर चिठ्ठी लावली, 'इतर'.

आपण केलं ते सगळं त्यांनी बरोबर ओळखलं, प्लोनी. फक्त कुणी आणि केव्हा, एवढंच चुकलं.

दुसऱ्या दिवशी ट्रे माझ्यापुढं ठेवला. मी त्याचा डावा हात धुतला. अक्रोडाच्या झाडावरून पडला तेव्हाचा तो हात, मनगटाच्या वर वाकडा जुळलेला. नदीला पूर, डॉक्टर पलीकडच्या काठाला, म्हणून आईनं वेलीच्या खुंट्या लावून बांधला होता. प्रोफेसर माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाले, "बघा बाई, आधी हात मोडला, तुरुंगात सडवला, हाड जुळेपर्यंत वाट पाहिली आणि मग मारला. केवढा हा छळ!"

मी "हो" म्हटलं आणि ब्रश धुतला.

टिली


९ जून

प्लोनी,

तुझं कार्ड आलं. सात वर्षांनी एक ओळ: 'मॅथियासला विचार, झाकण त्यानं उचललं होतं.'

मॅथियास नाही गं. दोन वर्षांपूर्वी बेल्जियमच्या कोळशाच्या खाणीत मेला. तुला कुणी कळवलं असेल असं मी धरून चालले. खोटं कशाला सांगू, कळवायचं मीच टाळलं. त्याच्या बहिणीनं मला रस्त्यात सांगितलं आणि वर म्हणाली, "आता तरी तुमच्या घरच्यांना समाधान झालं असेल."

मी तोंड उघडलं, बरं का. मूग गिळून बसले असं म्हणू नकोस. आधी प्रोफेसरांकडे गेले. त्यांनी मला खुर्ची दिली, सफरचंदाची दारू दिली, सगळं ऐकून घेतलं आणि हसले. अगदी मायेनं हसले, त्याचाच जास्त राग आला.

"बाई, मी एकवीस चर्चं खणली. प्रत्येक गावात कुणीतरी मला येऊन सांगतं की हाडं आमच्या माणसाची आहेत. युद्धात सगळ्यांचंच कुणी ना कुणी हरवलंय. तुमचं दुःख मी समजू शकतो."

"हात आईनं बांधला होता," मी म्हटलं.

"हात पुष्कळांचे मोडतात."

"आणि चुना? तो गवंड्यांचा होता."

"गवंडी रोमन काळीही होते, बाई."

मग फादरांकडे गेले. ते हसले नाहीत, चक्क घाबरले. बिशपांच्या कार्यालयात पत्रिका छापायला गेल्या आहेत. १० ऑक्टोबरला ट्रेबोनचा सण. त्याआधी नऊ दिवस हाडं काचेच्या पेटीत दर्शनाला ठेवायची आणि सणादिवशी खुद्द बिशप ती नव्या वेदीत चिणून टाकणार. एकदा चिणलं की वेदी फोडायला कुणी परवानगी देत नाही. कुनो कायमचा ट्रेबोन. फादर म्हणाले, "टिली, तुझ्या एकटीच्या शब्दावर बिशप थांबणार नाहीत. प्रत्यक्ष पाहिलेले दोन साक्षीदार लागतात. दुसरं कोण होतं?"

तू होतीस. आता तूच उरलीस.

गावाचं म्हणशील तर गाव आताच खुळावलं आहे. बेकरीवाल्याच्या बायकोचं मनगट मुरगळलं होतं, ती हाडं ठेवलेल्या लाकडी पेटीपुढं बसली आणि म्हणे बरं झालं. लोक नवसाचे मेणाचे हात आणून ठेवतात. गेल्या सोमवारी मी सतरा हात पुसले. जो आयुष्यात कधी वेळेवर उठला नाही, अक्रोडं चोरताना फांदीसकट खाली आला, तो आपला कुनो आता हाताचा संत झाला आहे. आणि खरा ट्रेबोन, असलाच कुणी तर, सिगारच्या खोक्यात माझ्या झाडूशेजारी पडलाय.

हसू येतं ना? मला येत नाही. आई जाते तिथं, प्लोनी. काठी टेकत रोज जाते, पेटीपुढं गुडघे टेकते आणि कुनो पूर्वेकडून, रशियनांच्या कैदेतून परत यावा म्हणून प्रार्थना करते; खोपीतून धरून त्याला पूर्वेच्या आघाडीवर धाडलं असंच ती अजून मानते. त्याच्याकडेच त्याला मागते. मी मागं उभी असते.

तू ये. नाहीतर निदान कागदावर लिहून, सही करून बिशपांना पाठव.

टिली


२ ऑगस्ट

प्लोनी,

तुझं पत्र मी कोठारात बसून वाचलं, इवाल्डला दिसू नये म्हणून. तू लिहितेस, येईन, बोटीचं तिकीटही काढीन, पण आधी एका प्रश्नाचं उत्तर दे. 'मॅथियासला तू त्या कचेरीच्या दाराशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस का?'

तीन आठवडे उत्तर लिहिते आहे आणि फाडते आहे. पहिल्यांदा लिहिलं, हो, पाहिलं. ते खरंच आहे. मार्चच्या आरंभी पक्षाच्या कचेरीत त्याला स्वतःच्या भरतीच्या कागदावर सही करायला बोलावलं होतं. तो दाराशी उभा होता आणि मी पाहिला. त्या उन्हाळ्यात तू मला विचारलंस, "खोपीचं कुणी सांगितलं असेल?" तेव्हा मी हेच सांगितलं: मॅथियासला त्या दाराशी पाहिलं. यात एक शब्द खोटा नाही. बाकीचं तूच जोडलंस. तू त्याच्या तोंडावर थुंकलीस, अंगठी विहिरीत टाकलीस. तो म्हणाला, "प्लोनी, मी नाही गं," आणि तू दार लावलंस. मी जिन्यावर उभी होते.

बघ, आताही मी वकिली करते आहे. पुरे झालं.

मी सांगितलं, प्लोनी.

फेब्रुवारीतला आपला भाकरीचा दिवस होता. गावच्या भट्टीवर प्रत्येक घराच्या भाकरी मोजून भाजल्या जायच्या, कुणाच्या किती ते सगळ्यांना पाठ असायचं. आपल्या सहाच्या सात झाल्या. इवाल्ड लाकडं घालत होता. त्याचा बाप त्या कचेरीत बसायचा, हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. तो हसून म्हणाला, "सातवी कुणाची गं, टिली? कुणी ठेवलायस की काय?" मी सतरा वर्षांची होते. त्यानं माझ्याकडे त्याआधी कधी पाहिलंच नव्हतं, नेहमी तुझ्याकडे पाहायचा. मी म्हणाले, "तुला सांगते, पण कुणाला सांगू नकोस." त्यानं शपथ घेतली आणि माझ्या केसांतलं पीठ झटकलं. तीन आठवडे तो गप्प राहिला. मग बापानं विचारलं आणि ह्यानं सांगितलं.

बाप त्याच वसंतात मेला. इवाल्डला आजही वाटतं की कुनोला धरून नेलं आणि तो पुढं कुठंतरी मेला. मी त्याच्याशी लग्न का केलं हे तू लग्नात आली नाहीस तरी मनाशी विचारलं असशीलच. मी काय केलं हे जगात त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. दुसऱ्या कुणापुढं मला रोज तोंड लपवावं लागलं असतं. सुखाचा संसार नाही झाला. आम्ही एकमेकांना सांभाळून आहोत, दोन चोर सांभाळतात तसे.

सणादिवशी काचेची पेटी उचलणाऱ्या चौघांत त्याचं नाव आहे. उंची बरोबर जुळते म्हणून.

त्या उन्हाळ्यात आईला सगळं सांगू या असं तू म्हणालीस आणि मीच अडवलं. तिचं काळीज फुटेल म्हणाले. तिच्या काळजाची मला काळजी नव्हती. कुनो कुठं आहे हे कळलं की ती पुढं विचारणार, कुणी सांगितलं. झाकली मूठ म्हणून तेरा वर्षं धरून बसले, आणि त्या मुठीत तू आणि मॅथियास दोघंही गुदमरलात.

क्षमा मागत नाही. मागायची लायकी नाही, आणि तू देणार नाहीस तेही बरोबरच. मला हवं आहे ते एवढंच. कुनोला त्याच्या नावानं मातीत ठेवू दे. त्यासाठी मला चौकात उभं राहून सांगावं लागलं तरी सांगीन. नऊ आठवडे हातात आहेत. ये.

टिली


१३ ऑक्टोबर

प्लोनी,

तुझं पत्र बिशपांच्या कार्यालयाला वेळेवर पोचलं. फादरांनी मला बोलावून वाचून दाखवलं, त्यांनाही सुटल्यासारखं झालं असावं. 'माझा भाऊ कुनो युद्धात पूर्वेकडे बेपत्ता झाला. ओबरकेलच्या चर्चमध्ये मी कुणालाही पुरलेलं नाही. माझी बहीण टिली लहानपणापासून गोष्टी रचते.' खाली तुझी सही, वर तिथल्या वकिलाचा शिक्का.

फादर म्हणाले, "बाळ, थकली आहेस तू. थोडे दिवस विश्रांती घे."

तू मॅथियासचा हिशेब चुकता केलास. मी खोटं पचवलं, आता खरं कुणी पचवणार नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, आणि म्हणूनच तुझा इतका राग येतो. मला मारायचं होतंस. कुनोला कशाला दुसऱ्यांदा पुरलंस?

आता राहिलेलं ऐक. तू विचारलेलं नाहीस, तरी ऐक.

नऊ दिवस दर्शन होतं. नन्सनी हाडं तारेनं बांधून लाल मखमलीवर मांडली होती. बायका रुमाल काचेला लावून घरी नेत होत्या. सातव्या दिवशी मी आईला नेलं. तोवर तिनं बंद लाकडी पेटीपुढंच प्रार्थना केली होती, हाडं पाहिली नव्हती. तिला जवळचं नीट दिसत नाही, म्हणून तिनं काचेला नाक लावलं. रांग थांबली. मागून बेकरीवाल्याची बायको ओरडली, "अहो आजी, संताचा मुका घेताय का? आमचाही नंबर येऊ द्या!"

आई हलली नाही. तिचं बोट काचेवरून डाव्या हाताशी गेलं, मनगटाच्या वर थांबलं आणि तिथंच खालीवर झालं.

"हा हात कुणीतरी वेलीच्या खुंट्यांनी बांधलाय," ती म्हणाली. "डॉक्टरनं बांधला असता तर सरळ आला असता."

"चल आई," मी म्हटलं.

"वरची गाठ सैल राहिली होती. तो रडत होता म्हणून मी घट्ट ओढली नाही."

घरी आल्यावर आई टोपीसुद्धा न काढता स्वयंपाकघरात बसली आणि म्हणाली, "तिथं त्याला कुणी ठेवलं?" मी म्हटलं, प्लोनीनं, मॅथियासनं आणि मी. तिनं मान हलवली. मॅथियासचं नाव ऐकून दोनदा हलवली. मग तिनं विचारलं. विचारणारच होती, तेरा वर्षं मी ह्याच प्रश्नापासून पळत होते.

"खोपीचं कुणी सांगितलं?"

इवाल्ड दारात बूट काढत होता. या वेळी मी मॅथियासचं नाव घेतलं नाही, माझं घेतलं.

मला वाटलं, "ती आता बिशपांना सांगेल, तिचं तरी ऐकतील." पण आईनं कुणाला काही सांगितलं नाही. सणादिवशी बिशप आले, बँड वाजला, इवाल्डनं पेटीचा पुढचा उजवा दांडा धरला. त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा होता आणि लोकांना वाटलं भक्ती. त्यांनी कुनोला वेदीत चिणलं. आई पहिल्या बाकावर होती. सगळं गाव गुडघे टेकून बसलं तेव्हा ती बसूनच राहिली. एखादी आई मुलापुढं बसते, तशी.

काल रविवार होता. तिनं ताटं मांडली. तिचं, इवाल्डचं आणि एक माझं. चौथं नव्हतं.

ती माझ्याशी बोलत नाही. ओरडली असती, काठी घातली असती तरी मी घेतली असती. रोज सकाळी न्याहारी झाली की चर्चमध्ये जाते आणि वेदीला पाठ टेकून पायरीवर बसते. मोजे विणते. मी झाडत झाडत तिथवर पोचले की खाली न बघता पाय उचलते, आणि मी पुढं सरकले की पुन्हा खाली ठेवते.

टिली